स्पॉयलर कळल्यावर ॲनिमे बघण्यात मजा उरते का?

शर्वरी_के
काल रात्रीपासून डोकं फिरलंय, म्हणून हा धागा काढतेय.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून अटॅक ऑन टायटन या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, पहिला सीझन दोन आठवड्यांत संपवला. २५ भाग. खूप दिवसांनी एखादी मालिका इतकी अंगावर आली. दुसरा सीझन सुरू करण्याआधी एका पात्राला जपानी आवाज कोणी दिलाय एवढंच मला बघायचं होतं. सर्चच्या चौकटीत त्याचं नाव टाइप करत होते, शेवटचं अक्षर अजून टाकायचं होतं, तेवढ्यात खाली सुचवण्यांची यादी उघडली. त्याचं नाव आणि पुढे दोन शब्द. बस. ते दोन शब्द म्हणजे पुढच्या सीझनचा कणा आहे हे मालिका न बघताही समजलं. मी लॅपटॉप मिटला, पण वाचलं ते वाचलंच.

भावाला फक्त एवढंच सांगितलं की मला काहीतरी कळलंय. काय ते सांगितलं नाही. तो म्हणतो, "त्यात काय एवढं? काय होतं ते कळलं, आता कसं होतं ते बघ." मला काही केल्या हे पटत नाही. जे मला त्या क्षणी कळायला हवं होतं ते आधीच कळलं, तर तो क्षण माझ्यासाठी संपलाच ना?

तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? त्यानंतर मालिका बघितलीत का आणि मजा आली का? खरं सांगा, माझी समजूत काढू नका. आणि एक विनंती, मालिकांची नावं खुशाल घ्या, पण त्यातली गुपितं इथे फोडू नका.

रातकिडा
रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

भिंतीपलीकडे
बघ. आजच बघ. मी मांगा, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा, वाचून मग ॲनिमेकडे आलो. पहिला सीझन २०१३ चा आणि दुसरा यायला २०१७ उजाडलं. मधल्या चार वर्षांत मांगा कुठच्या कुठे पोचली होती. तुला दोन शब्दांत जे कळलं असावं असा माझा अंदाज आहे, ते आम्हाला पानापानावर माहीत होतं. तरी दुसऱ्या सीझनचा सहावा भाग कधी लागतोय म्हणून आम्ही दिवस मोजत होतो. तो भाग मी आजवर सहा वेळा तरी बघितला असेन आणि प्रत्येक वेळी त्या ठिकाणी पाठीतून शिरशिरी जाते. माहीत असल्याने काहीही कमी झालं नाही.

आणि हो, भावाला अजिबात सांगू नकोस!

अबोली
भिंतीपलीकडे, तुम्ही मांगा वाचलीत तेव्हा तुम्हाला तो धक्का बसला होता ना? मग तुम्हाला स्पॉयलर मिळालाच नव्हता. तुम्ही ती गोष्ट लेखकाच्याच हातून घेतलीत. एकेक अध्याय, मध्ये महिनाभराची वाट, मनातल्या मनात बांधलेले अंदाज, आणि मग ते पान. ॲनिमे बघताना तुम्ही तोच धक्का दुसऱ्यांदा अनुभवत होतात. शर्वरीला तो पहिल्यांदाही मिळाला नाही. दोघांकडची माहिती एकच असली तरी दोन्ही गोष्टी एका मापात मोजू नका.

भिंतीपलीकडे
हे मान्य करायला हवं. असा विचार केला नव्हता.

कौस्तुभ७
या विषयावर चक्क संशोधन झालेलं आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी १२ लघुकथा निवडल्या. काही रहस्यकथा, काही शेवटी कलाटणी देणाऱ्या, काही साहित्यिक वळणाच्या. काही वाचकांना कथेआधी एक परिच्छेद दिला, त्यात शेवट उघड केलेला. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. त्यांचं म्हणणं साधारण असं की शेवट माहीत असला की डोकं कोडं सोडवण्यात अडकत नाही आणि कथा वाचणं सोपं जातं. तेव्हा शर्वरी, बिनधास्त बघ.

मृण्मयी
कौस्तुभ, अर्धीच गोष्ट सांगितलीस. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी असाच प्रयोग केला आणि तिथे उलटं निघालं. ज्यांना शेवट माहीत नव्हता त्यांना कथा जास्त रंजक आणि उत्कंठा वाढवणाऱ्या वाटल्या.

आणि मुळात लघुकथा म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट. त्यात पात्राशी ओळख होते न होते तोच शेवट. ॲनिमेचा एक कूर म्हणजे १२-१३ भाग, प्रत्येक भाग साधारण २४ मिनिटांचा, आणि प्रक्षेपण सुरू असताना बघत असाल तर दर आठवड्याला एक. तीन महिने ती माणसं तुमच्या घरात राहायला आल्यासारखी असतात. बुधवारी काम करता करता मध्येच त्यातलं कोणीतरी आठवतं. ते खरं बोलत असेल का, असं मनात येतं. स्पॉयलर कळला की ही मधली सात दिवसांची चुळबूळ जाते. माझ्यासाठी मालिका बघणं म्हणजे निम्मी तर ती चुळबूळच असते. ती कुठल्या लघुकथेच्या प्रयोगात मोजणार?

कौस्तुभ७
दुसऱ्या प्रयोगाबद्दल वाचलं नव्हतं. धन्यवाद. सात दिवसांच्या चुळबुळीला पूर्ण अनुमोदन.

जुना_वाचक
मी इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वयाने मोठा असेन, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो. एका वाक्याने जी गोष्ट कोसळते, ती मुळात उभीच नव्हती.

ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज घ्या. १९८८ चा ताकाहाता यांचा सिनेमा. नायक पहिल्याच वाक्यात स्वतःच्या मृत्यूची तारीख सांगतो, २१ सप्टेंबर १९४५. दिग्दर्शकाने स्वतःच शेवट तुमच्या हातात ठेवला आणि मग तुम्हाला मागे नेलं. आता त्या भावंडांचं प्रत्येक हसणं बघताना तुमच्या घशात आवंढा येतो, तो शेवट माहीत असल्यामुळेच.

त्याहून मोठं उदाहरण म्हणजे नाओको यामादा यांची हेइके मोनोगातारी, २०२१ ची ११ भागांची मालिका. हे महाकाव्य जपानमध्ये शतकानुशतकं लोक बिवा या तंतुवाद्यावर ऐकत आलेत. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत हेइके घराणं बुडालं, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. काव्याच्या पहिल्याच ओळीत गिओन शोजाच्या घंटेचा नाद येतो आणि सगळं नश्वर आहे असं सांगतो. गिओन शोजा म्हणजे बुद्धाचं जेतवन. ज्या गोष्टीची पहिली ओळच शेवट सांगते, तिला कोण काय स्पॉयलर देणार? आणि यामादांनी काय केलं, तर या कथेत बिवा नावाचीच एक लहान मुलगी आणली, जिला एका डोळ्याने भविष्य दिसतं. म्हणजे ती आपल्यासारखीच. शेवट बघून बसलेली. घरातली मुलं तिच्याशी खेळतात, भांडतात, मोठी होतात, आणि तिला ठाऊक असतं. ती काहीही थांबवू शकत नाही. मी ते अकरा भाग तीन रात्री बघितले आणि तिच्या जागी मीच बसलोय असं वाटत राहिलं.

मग सांगा, माहीत असल्याने काय बिघडलं?

निनाद
जुने काका, तुमची दोन्ही उदाहरणं मनापासून आवडली, पण तुमच्याच विरोधात जातात असं मला वाटतं. ताकाहातांनी शेवट आधी सांगितला, कारण त्यांना तो आधी सांगायचा होता. यामादांनीही तेच केलं. तो निर्णय गोष्ट सांगणाऱ्याचा होता. मादोका मागिका (२०११, १२ भाग) बनवणाऱ्यांनी नेमका उलटा निर्णय घेतला. गोड रंग, गोड सुरुवातीचं गाणं, सगळं कसं छान छान. तिसऱ्या भागापर्यंत तुम्हाला एका विशिष्ट तऱ्हेची मालिका वाटावी म्हणून त्यांनी केवढी मेहनत घेतलीय. ती मेहनत दुसऱ्या कोणी एका वाक्यात पुसून टाकायची का?

हे माझ्या बाबतीत फार सूक्ष्म रीतीने झालं. मित्राने मला काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "तिसऱ्या भागापर्यंत बघ, मग बोलू." झालं. मी तिन्ही भाग टेबलाखाली काय लपवलंय हे शोधत बघितले. कोणी हसलं की मला संशय, कोणी गाणं म्हटलं की संशय. त्या पात्रांच्या सुखात मी एक मिनिटही सामील झालो नाही. त्यामुळे जे झालं त्याने मला धक्का बसला नाही आणि दुःखही झालं नाही. "अच्छा, हे होतं तर," एवढंच मनात आलं. "यात ट्विस्ट आहे" हेही सांगू नये, असं माझं ठाम मत तेव्हापासून आहे.

जुना_वाचक
निनाद, हा मुद्दा बिनतोड आहे. निर्णय सांगणाऱ्याचा, हे मान्य. गोष्ट कोसळते हा शब्द मागे घेतो. पण ती पुन्हा बघण्यासारखी आहे का, याची परीक्षा मात्र माहीत झाल्यावरच होते, एवढं माझं म्हणणं राहू दे.

स्वानंदी
मी वेगळ्या बाजूने लिहितेय. मी मुद्दाम स्पॉयलर शोधते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दीर्घ आजार होता. त्यानंतर काही महिने मी एकही मालिका पूर्ण बघू शकले नाही, कारण ॲनिमेमध्ये आया फार मरतात. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये. पहिल्या भागात प्रेमळ आई दिसली की माझे हात गार पडायचे. मग मी आधी वाचायला लागले. आई जाते का, कितव्या भागात, रुग्णालय दाखवतात का. उत्तर कळलं की मी त्या भागाच्या दिवशी एकटी बसायची नाही, मैत्रिणीला बोलवायचे. अशी मी फ्रिएरेन बघितली. तिथे पराक्रमी मोहीम संपल्यावरच गोष्ट सुरू होते आणि पहिल्याच भागात एक निरोप आहे. मला आधी माहीत होतं, म्हणूनच मी तो निरोप डोळे उघडे ठेवून बघू शकले. माहीत नसतं तर मी स्क्रीन बंद केली असती आणि पुढचे २७ भाग माझ्या आयुष्यात आलेच नसते.

तेव्हा "सगळे स्पॉयलर वाईट" असं कृपया कोणी म्हणू नका. काही जणांना ते दार उघडायची किल्ली म्हणून लागतात.

अबोली
स्वानंदी, इतकं मोकळेपणाने लिहिलंस, खूप धन्यवाद. तू स्वतः शोधलंस आणि शर्वरीच्या डोळ्यांवर येऊन आदळलं, मला वाटतं फरक नेमका इथेच आहे.

मृण्मयी
+१. स्वानंदी, तुला हवं असेल तर तुझ्या यादीतल्या मालिकांबद्दल मला निरोप टाक. मी बऱ्याच बघितल्यात, सांगू शकेन.

प्रथमेश_००
एवढं काय चाललंय. डेथ नोट बघताना मला आधीच माहीत होतं की २५ व्या भागात [संपादित] आणि तरी मी ३७ भाग पूर्ण केले.

संपादक
वरच्या प्रतिसादातला तपशील काढला आहे. धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये विनंती केली आहे, ती सर्वांनी पाळावी.

प्रथमेश_००
अहो, ती मालिका २००६ ची आहे! कधीपर्यंत गुपित ठेवायचं?

अबोली
प्रथमेश, माझी पुतणी तेरा वर्षांची आहे. मालिका सुरू झाली तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. गेल्या महिन्यात तिने पहिला भाग लावला. तिच्यासाठी मालिकेतली ती मृत्यूची वही आत्ता, गेल्या महिन्यात जमिनीवर पडली. तू वर्षं मोजतोयस, ती भाग मोजतेय.

प्रथमेश_००
ठीक आहे, हे पटलं. माफ करा सगळ्यांनी. तिला सांगा, रात्री एकटीने बघू नकोस, पुढचा भाग लावल्याशिवाय झोप येणार नाही.

निहोंगो_शिकतेय
अवांतर आहे, पण थोडं विषयातलंही. स्पॉयलरला जपानीत "नेताबारे" म्हणतात. "ताने" म्हणजे बी. तोच शब्द उलटा करून झाला "नेता", म्हणजे विनोदाचं किंवा गोष्टीचं मर्म, ज्यातून बाकी सगळं उगवतं. "बारेरु" म्हणजे उघडकीस येणं. आपल्याकडे बिंग फुटतं, तसंच.

आता विषयातलं. मला सर्वांत जास्त स्पॉयलर सबटायटल देतात, आणि जपानी शिकायला लागल्यावरच हे लक्षात आलं. जपानीत मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी. "मी त्या रात्री तिथे गेले..." इथपर्यंत ऐकून आपल्याला कळत नाही की पुढे "होते" येणार की "नव्हते". आवाज देणारा कलाकार नेमका तिथे श्वास रोखतो. समोरचं पात्र त्या अर्ध्या सेकंदात थिजलेलं असतं. आणि आपण? आपण खालची इंग्रजी ओळ केव्हाच वाचून मोकळे झालेलो असतो, कारण इंग्रजीत नकार आधी येतो, शिवाय पूर्ण वाक्य एकदमच पडद्यावर झळकतं. पात्राला कळायच्या आधी आपल्याला कळतं.

एकदा एका कबुलीजबाबाच्या दृश्यात मी खालच्या दोन ओळी हाताने झाकून ऐकलं. शब्द सगळे समजले नाहीत, पण त्या शेवटच्या क्रियापदापर्यंत मी त्या पात्राबरोबर थांबले होते. मग हात काढून पुन्हा बघितलं. तेव्हापासून महत्त्वाचं दृश्य येतंय असं वाटलं की मी हेच करते. आपल्या कानाला क्रियापदाची वाट बघायची जन्मापासून सवय आहे, तिचा उपयोग करून बघा.

निनाद
हे भारी आहे! आज रात्रीच हात आडवा धरून बघतो.

जुना_वाचक
निहोंगोताई, इतकी वर्षं सबटायटल वाचतोय, हे कधी सुचलं नाही. यावर वेगळा धागा काढा.

रातकिडा
आलो. रुमाल उचलतो.

तुम्ही सगळे प्रेक्षकांना धारेवर धरताय, पण निर्माते काय कमी आहेत? भाग संपल्यावर पुढच्या भागाची झलक येते. यु-गि-ओ! ड्युएल मॉन्स्टर्समध्ये एका झलकेत नायकाचा जिवलग मित्र जोनोउची संकटात आहे, मैत्रीण त्याला मरू नकोस म्हणून कळवळून सांगतेय, आणि लगेच पुढच्या भागाचं नाव जाहीर होतं: "जोनोउची मरतो". जपानमध्ये आजही कोणी आगाऊ सगळं सांगून टाकलं की लोकांना ही झलक आठवते.

सुरुवातीच्या गाण्यांचंही तेच. दीड मिनिटाच्या गाण्यात पुढे येणारी पात्रं, नवे वेष, कोण कोणाविरुद्ध उभं आहे, सगळं झळकून जातं. पहिल्यांदा बघताना काही कळत नाही आणि दहा भाग झाल्यावर एकेक चौकट उलगडते. हा प्रकार मला फार आवडतो. समोर ठेवलेलं असतं, पण वाचायची अक्कल गोष्टच हळूहळू देते.

मला खरा संताप येतो तो व्हिडिओच्या छोट्या चित्रांचा. मथळ्यात "स्पॉयलर" असं लिहितात आणि त्याच चित्रात मेलेल्या पात्राचा चेहरा टाकतात. सूचना आणि गुपित एकाच चौकटीत! चाहत्यांच्या विश्वकोशांची तर आणखी एक तऱ्हा. पात्राचं वय बघायला जावं तर उजवीकडच्या तक्त्यात जन्मतारखेच्या खाली "स्थिती: मृत".

कौस्तुभ७
मांगाच्या फुटलेल्या पानांचं तर विचारूच नका. शोनेन जंप या मांगा साप्ताहिकाचा अंक जपानमध्ये सोमवारी येतो आणि पानांचे फोटो त्याच्या कितीतरी दिवस आधी जगभर फिरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातल्या जुजुत्सु कायसेन या मांगाचा २३६ वा अध्याय असाच फुटला. ॲनिमेचा दुसरा सीझन तेव्हा टीव्हीवर चालू होता. ज्यांनी कधी मांगा हातात धरली नव्हती त्यांनाही सकाळी उठल्या उठल्या ते पान दिसलं. मीही त्यातलाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुमामोतो पोलिसांनी जंपचे अंक विक्रीआधीच मिळवून पानांचे फोटो काढल्याच्या संशयावरून दोघांना अटक केली, म्हणजे तिथे हा गमतीचा विषय राहिलेला नाही. एक माणूस आठवडाभर टेबलाशी वाकून १९-२० पानं काढतो. शेवटचं पान कधी उलटायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

भिंतीपलीकडे
अबोलीताईंच्या पहिल्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करतोय. एक उदाहरण सांगतो, ते नेमकं कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा.

स्लॅम डंक. बास्केटबॉलवरची ही मांगा १९९० ते १९९६ चालली. टीव्ही मालिका १०१ भागांनंतर थांबली आणि शेवटचा मोठा सामना पडद्यावर आलाच नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये मांगाकार इनोऊए यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला सिनेमा आला. कोणता सामना दाखवणार हे जाहिरातींत सांगितलं नव्हतं, पण ज्यांनी मांगा वाचली होती ते पहिल्या काही मिनिटांत ओळखून गेले. निकाल त्यांना २६ वर्षं पाठ होता. मलाही होता. शेवटच्या सेकंदांत आवाज जवळजवळ नाहीसा होतो. अख्ख्या थिएटरात कोणी हललं नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी श्वास रोखला होता.

अबोली
किती सुंदर सांगितलंत. कुठे बसतं तेही सांगते. तुम्ही सगळे त्या मुलांबरोबर २६ वर्षं राहिला होतात. निकाल तुम्हाला कोणी सांगितलेला नव्हता, तुम्ही तिथे हजर होतात. एखाद्याने कधीच काही वाचलेलं नाही आणि त्याला थिएटरच्या दारात कोणी गुणफलक दाखवला, तर त्याने श्वास रोखला असता का?

भिंतीपलीकडे
नसता रोखला बहुतेक.

मृण्मयी
शर्वरी कुठे गेली? बघितलंस की नाही?

निनाद
तेच म्हणतो. धागा काढून गायब.

शर्वरी_के
गायब नव्हते, सगळं वाचत होते. आज दुसरा सीझन संपला, बारा भाग. म्हणून आता लिहितेय.

आधी जे वाईट झालं ते. पहिले पाच भाग मी पोलिसासारखे बघितले. त्या पात्राने तोंड उघडलं की मी शब्द तपासायचे. निनादने लिहिलंय ना, सुखात सामील झालो नाही म्हणून, अगदी तसंच. पहिल्या सीझनमध्ये मला तो माणूस खूप आवडत होता. संकटात सगळ्यात आधी पुढे होणारा. ती माया मला अजून पाच भाग मिळायला हवी होती. गोष्टीने ती मला द्यायची ठरवलीच होती. त्या दोन शब्दांनी ती आधीच काढून घेतली. भाऊ म्हणाला होता "कसं होतं ते बघ," पण कसं होतं त्यात माझं त्याच्यावर विश्वास ठेवणंही धरलेलं होतं, आणि तेवढं माझ्याकडून झालं नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. एका पडक्या किल्ल्यात रात्री दोन पात्रं सामान धुंडाळतायत. एकीला माशांचा एक डबा सापडतो. ती त्यावरचं वाचते. साधं वाक्य. समोरचा थबकतो आणि त्याचा चेहरा क्षणभर बदलतो. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भावाने तेव्हा ढुंकूनही बघितलं नाही, तो फोनवर उत्तर टाइप करत होता. ते दृश्य माहीत असणाऱ्यांसाठीच ठेवलंय. जुने काका, तुमचं वाक्य तेव्हा आठवलं.

मग सहावा भाग आला. माझी खात्री होती की ढोल-ताशे वाजवत येईल सगळं. तर नाही. भिंतीवर सगळे दमलेले, वारा सुटलेला, कामाच्या सूचना चालू आहेत, आणि बाजूला दोघं-तिघं बोलत उभे. कॅमेरा जवळसुद्धा जात नाही. संगीत नाही. मला माहीत होतं तरी मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

पण मी पडद्याकडे जेमतेम निम्माच वेळ बघितलं असेल. मी भावाकडे बघत होते. तो आडवा पडला होता. आधी त्याने फक्त मान वळवली. मग हळूहळू उठून बसला. मग म्हणाला, "थांब. थांब. मागे घे. काय म्हणाला तो?" मी मागे घेतलं. त्याने पुन्हा ऐकलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तोंडातून शब्द नाही. भाग संपला, नावं वर सरकत राहिली, तरी तो तसाच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला हे माहीत होतं? इतके दिवस?"

मी हो म्हटलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तायडे, सॉरी."

त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते माझ्या चेहऱ्यावर व्हायचं होतं. मला त्याचा हेवा वाटला आणि त्याच वेळी बरंही वाटलं की निदान एकाला तरी ते धड मिळालं. दोन शब्द दहा दिवस तोंडात धरून ठेवले होते, त्याचं चीज झालं.

स्वानंदी
शर्वरी, शेवटचा भाग वाचून डोळे भरले.

अबोली
"तायडे, सॉरी." बस, यापुढे काय लिहायचं.

कौस्तुभ७
माशांच्या डब्याचं दृश्य मी तीन वेळा बघूनही तुझ्याइतकं नीट पाहिलं नव्हतं. आज पुन्हा लावतो.

प्रथमेश_००
तिसरा सीझन कधी?

शर्वरी_के
आज रात्री नऊला. २२ भाग आहेत. भावाने माझ्या फोनमधल्या सर्चच्या सुचवण्या बंद करून टाकल्यात आणि मालिका संपेपर्यंत आवाज कोणाचा ते त्याला विचारायचं, तो वाचून फक्त नाव सांगेल, असं ठरलंय. निहोंगोताई, खालच्या ओळींवर धरायला पुठ्ठ्याची एक पट्टीही कापून ठेवलीय.

पहिल्या भागापासून त्या तळघरात काय आहे याचा विचार करतेय. ते मला अजून माहीत नाही. कोणीही, काहीही बोलू नका.

भिंतीपलीकडे
तोंडाला कुलूप.

प्रथमेश_००
माझ्याही.